अत्यावश्यक खनिजांचे प्रादेशिक धोरण: आधी काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजारी देशांचा एक गट आहे. दोन देशांकडे खनिज आहे, एकाकडे जुना रसायन उद्योग आहे आणि एकाकडे मोटारी व इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे कारखाने आहेत. लिथियम, निकेल, कोबाल्ट आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये (शक्तिशाली चुंबकांना लागणारे निओडिमियमसारखे धातू) यांसाठी या गटाला समान धोरण आखायचे आहे. कच्चे खनिज गटाबाहेर पाठवण्यावर बंदी, बाहेरून येणाऱ्या बॅटऱ्या व चुंबकांवर चढे आयातशुल्क आणि नव्या प्रकल्पांना भांडवली अनुदान, असे तीन उपाय चर्चेत आहेत. यांपैकी आधी कोणता हाती घ्यावा?

माझ्या मते तिन्हींपैकी एकही आधी घेऊ नये. शुद्धीकरण आणि विलगीकरण करणाऱ्या कारखान्याला दहा वर्षे टिकणारा ग्राहक आणि ठरलेला किमान भाव मिळवून देणे हे पहिले काम आहे, आणि त्याच्या जोडीने गटाच्या व्यापार करारातील उत्पत्तीचे नियम, म्हणजे कोणता माल गटातला मानून शुल्कसवलत द्यायची ते ठरवणारे नियम, दुरुस्त करणे हे दुसरे. अनुदान त्यानंतर आणि आयातशुल्क सर्वांत शेवटी यावे. निर्यातबंदी तर अगदी थोड्या देशांना पेलते. हा क्रम मी का धरतो, ते पुढे मांडतो.

घोडे कोठे पेंड खाते ते आधी पाहू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ मध्ये ज्या २० सामरिक खनिजांचा आढावा घेतला, त्यांपैकी १९ खनिजांच्या शुद्धीकरणात चीन पहिल्या क्रमांकावर आहे आणि त्याचा सरासरी वाटा सुमारे ७० टक्के आहे. खाणींचे चित्र असे एकाच देशात एकवटलेले नाही. कोबाल्ट मुख्यतः काँगो लोकशाही प्रजासत्ताकात निघते, निकेल इंडोनेशियात, लिथियम ऑस्ट्रेलिया व चिलीत. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही अमेरिकेची दुर्मीळ मृदा खनिजांची खाण पुन्हा सुरू झाल्यावरही अनेक वर्षे तिथला माल प्रक्रियेसाठी चीनलाच जात होता. ती रवानगी थांबली २०२५ मध्ये. खाण आपल्या भूमीवर असली म्हणजे पुरवठा आपल्या हातात आला, असे समजून केलेले धोरण याच ठिकाणी फसते.

शुद्धीकरणाचा मधला टप्पा इतका अवघड का, हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. निओडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम, टर्बियम ही मूलद्रव्ये रासायनिक गुणधर्मांनी एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की एका फटक्यात ती वेगळी होत नाहीत. आम्लात विरघळवलेले मिश्रण एका सेंद्रिय द्रावकाबरोबर घुसळतात, दोन्ही थर बसू देतात आणि थोडेसे समृद्ध झालेले द्रावण पुढच्या टाकीत पाठवतात. प्रत्येक टाकीत फरक पडतो तो अगदी अल्प, म्हणून अशा शेकडो टाक्या ओळीने जोडाव्या लागतात. साखळी सुरू केल्यावर ती समतोलास येईपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. मधेच आम्लता बिघडली किंवा येणाऱ्या खनिजाचे मिश्रण बदलले, तर शेवटच्या टाकीतला माल ग्राहकाच्या शुद्धतेच्या कसोटीला उतरत नाही. शिवाय हवे असलेले निओडिमियम एकटे येत नाही. त्याच्याबरोबर ढिगाने लँथॅनम व सीरियम निघते, ज्यांना फारसा भाव नाही, आणि मोनाझाइटसारख्या खनिजातून किरणोत्सारी थोरियम निघते, ज्याची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागते. असा कारखाना पैसा ओतून उभा करता येतो, पण चालवायला शिकण्यात वर्षे जातात आणि त्या वर्षांत तोटा होतो. धोरणाची खरी गरज या तोट्याच्या वर्षांना असते.

गॅलियम व जर्मेनियम या चिप उद्योगाला लागणाऱ्या धातूंची गोष्ट थोडी वेगळी आहे. गॅलियम बहुतांशी बॉक्साइटपासून अॅल्युमिना बनवताना उपउत्पादन म्हणून निघते, जर्मेनियम जस्ताच्या शुद्धीकरणातून किंवा कोळशाच्या राखेतून. भाव दुप्पट झाला म्हणून कोणी गॅलियमची खाण खोदत नाही, कारण तशी खाणच नसते. येथे गटाने करण्याजोगी गोष्ट साधी आहे: सदस्य देशांतील चालू अॅल्युमिना व जस्त कारखान्यांना पुनर्प्राप्तीचे संच बसवायला लावणे आणि त्या थोड्या उत्पादनाचा खरेदीदार ठरवून देणे. जगाची वर्षाची गॅलियमची गरज हजार टनांच्या आतबाहेर आहे, त्यामुळे खर्चही आवाक्यातला असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने या दोन्ही धातूंना निर्यात परवाना लागू केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला होणारी निर्यात बंद केली, तेव्हा अनेक देशांकडे कच्चा माल होता पण संच नव्हते.

आता हमीभावाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळे यश किंवा अपयश येथे ठरते. हे बाजार लहान आहेत आणि एका देशाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे नवा कारखाना उभा राहतो तेव्हाच भाव कोसळतो. २०१० मध्ये जपानच्या ताब्यातील सेंकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौकेचा वाद झाल्यावर चीनमधून जपानला होणारी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची निर्यात अडखळली आणि भाव गगनाला भिडले. त्या तेजीच्या आधारावर मोलिकॉर्प या अमेरिकी कंपनीने माउंटन पास येथे मोठी गुंतवणूक केली. पुढे भाव उतरले आणि जून २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. खाण उत्तम होती, यंत्रे नवी होती. नव्हता तो मंदीत टिकवून धरणारा ग्राहक.

जपानने त्याच काळात दुसरी वाट धरली. सरकारी संस्था जोगमेक आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनास कंपनीला सुमारे २५ कोटी डॉलरचे साहाय्य दिले, दीर्घ मुदतीची खरेदी ठरवून घेतली आणि पुढे भाव पडल्यावर कर्जाच्या अटी सैल केल्या. खाण पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट वेल्ड येथे, विलगीकरण मलेशियातील क्वांतानजवळ आणि ग्राहक जपानमध्ये अशी ही त्रिदेशी साखळी आहे. चीनवरील जपानचे अवलंबन सुमारे ९० टक्क्यांवरून साधारण ६० टक्क्यांवर आले, आणि मे २०२५ मध्ये याच मलेशियातील कारखान्यात डिस्प्रोसियम ऑक्साइडचे उत्पादन सुरू झाले. चीनबाहेर व्यापारी प्रमाणावर हे प्रथमच घडले. प्रादेशिक धोरण म्हणजे काय असावे, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यासाठी तीन देशांना कोणत्याही जाहीर आघाडीची गरज पडली नाही. मात्र अवलंबन ९० वरून ६० टक्क्यांवर यायला सुमारे दशकभराचा काळ लागला, हेही राजकीय नेतृत्वाला आधीच सांगून ठेवावे.

अमेरिका हाच धडा उशिरा शिकली. जुलै २०२५ मध्ये तिच्या संरक्षण खात्याने माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्सशी करार करून निओडिमियम-प्रासिओडिमियमला किलोमागे ११० डॉलर असा दहा वर्षांचा किमान भाव बांधून दिला. बाजारभाव त्या वेळी याच्या बराच खाली होता. भाव याच्या खाली असेल तेव्हा फरक सरकार भरते आणि नव्या चुंबक कारखान्याच्या मालाच्या खरेदीचीही हमी देते. शेतमालाच्या हमीभावाची सवय असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही, पण एक फरक ध्यानात घ्यावा: येथे सरकारने सगळा माल विकत घेऊन गोदामात भरायचा नसतो, केवळ भावातील फरक भरायचा असतो. गटासाठी मी हेच सुचवीन. भावफरकाचा एक समाईक निधी असावा, त्यात खनिज असलेल्या देशांपेक्षा वापरणाऱ्या देशाने जास्त भर घालावी, आणि भाव ठरलेल्या पातळीच्या वर गेल्यास नफ्याचा काही भाग निधीत परत यावा. ही परतफेडीची अट पहिल्या मसुद्यातच हवी, कारण तेजीच्या काळात कोणताही उत्पादक ती नव्याने मान्य करत नाही.

निर्यातबंदीच्या बाजूने बोलणारे इंडोनेशियाचे उदाहरण देतात आणि ते खोटे नाही. इंडोनेशियाने २०१४ मध्ये कच्च्या निकेलच्या निर्यातीवर बंदी घातली, २०१७ मध्ये ती सैल केली आणि १ जानेवारी २०२० पासून पुन्हा पूर्णपणे लागू केली. प्रक्रिया कारखाने आले, आणि आज जगातील निम्म्याहून अधिक निकेल तेथील खाणींतून निघते. परंतु या यशामागच्या अटी पाहाव्या लागतात. साठा जगात सर्वांत मोठ्यांपैकी होता, कोळशावरची स्वस्त वीज कारखान्याच्या दारातच तयार होत होती, आणि चिनी कंपन्या तंत्रज्ञान व भांडवल दोन्ही घेऊन आल्या. म्हणजे कारखाने इंडोनेशियात आले, पण प्रक्रियेवरचा चिनी कंपन्यांचा ताबा बराचसा तसाच राहिला. पुरवठा इतका वाढला की भाव पडला आणि ऑस्ट्रेलियात बीएचपी या खाण कंपनीला २०२४ मध्ये आपल्या निकेल वेस्ट प्रकल्पाचे काम थांबवावे लागले. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत दावा केला, नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला आणि इंडोनेशियाने अपील केले. अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून कामच करू शकत नसल्याने निकाल अधांतरी आहे. ज्या गटाकडे एखाद्या खनिजाचा पाच-दहा टक्केच वाटा आहे, त्याने अशी बंदी घातली तर खरेदीदार दुसऱ्या देशाकडे जातो, खाणी बंद पडतात आणि प्रक्रिया कारखाना काही येत नाही. त्यातून वीज नसेल तर प्रश्नच मिटला. काँगो आणि झाम्बिया यांनी एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी साहित्याच्या संयुक्त साखळीसाठी करार केला. दोन वर्षांनी, २०२४ च्या दुष्काळात, जलविद्युतवर विसंबलेल्या झाम्बियाला दिवसचे दिवस वीजकपात सोसावी लागली. विजेचा आराखडा न जोडलेला खनिज करार मी अपुरा मानतो.

उत्पत्तीच्या नियमांकडे मंत्र्यांचे सहसा लक्ष जात नाही. मी या नियमांच्या तक्त्यांवर बरीच वर्षे काम केले आहे, आणि माझा आग्रह आहे की गटाच्या वाटाघाटींत जाणत्या रसायन अभियंत्याला या टेबलावर बसवावे. बहुतेक करारांत एक ढोबळ कसोटी असते: बाहेरून आणलेल्या मालाचा सीमाशुल्काच्या वर्गवारीतला चार अंकी शुल्क-शीर्षक क्रमांक प्रक्रियेनंतर बदलला, तर तयार माल गटाचा मानावा. आता लिथियम कार्बोनेट २८३६ मध्ये येते आणि लिथियम हायड्रॉक्साइड २८२५ मध्ये. बाहेरून तयार कार्बोनेट आणून त्यावर चुन्याची प्रक्रिया केली की शीर्षक बदलते, आणि तुलनेने सोप्या कामातून माल ‘गटाचा’ होतो. उलट, दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचे मिश्र कार्बोनेट २८४६ मध्ये आहे आणि त्यातून शेकडो टाक्यांच्या साखळीने वेगळे केलेले निओडिमियम ऑक्साइडही २८४६ मध्येच. म्हणजे सबंध साखळीतला सर्वांत कठीण टप्पा कागदावर घडलाच नाही असे ठरते. काही नव्या करारांनी यासाठी रासायनिक अभिक्रिया व शुद्धीकरण यांचे वेगळे नियम घातले आहेत. गटाने ते घ्यावेत आणि विलगीकरणाचा स्पष्ट उल्लेख करावा.

मूल्यावर आधारलेली दुसरी कसोटी, उदाहरणार्थ आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातील ४० टक्के प्रादेशिक मूल्य, हीदेखील येथे तोकडी पडते. मोटारीच्या किमतीत चुंबकाचा हिस्सा इतका किरकोळ असतो की चुंबके पूर्णपणे बाहेरची असूनही मोटार आरामात चाळीस टक्के ओलांडते. जो घटक स्वस्त आहे पण ज्यावाचून कारखाना बंद पडतो, तो मूल्याच्या हिशेबात दिसतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये व त्यांची चुंबके परवान्याखाली आणली, आणि पुढच्याच महिन्यात फोर्डला शिकागोतील कारखाना आठवडाभर बंद ठेवावा लागला. तो थांबला तो गाडीच्या किमतीत नगण्य वाटा असलेल्या सुट्या भागांमुळे. म्हणून थोड्या, निवडक वस्तूंसाठी टप्प्यानुसार नियम हवा: चुंबकातील धातू गटात किंवा ठरावीक भागीदार देशांत वेगळा केलेला असावा, एवढेच. नियम याहून कडक केला तर वेगळाच धोका असतो. सर्वसाधारण आयातशुल्क दोन-तीन टक्केच असेल, तर कंपन्या कागदपत्रांची कटकट टाळून ते शुल्क भरून मोकळ्या होतात आणि सवलत कागदावर राहते.

येथेच आयातशुल्काचा प्रश्न जोडलेला आहे. गटातला चुंबक किंवा बॅटरीच्या कॅथोडचा कारखाना पुरेसे उत्पादन करू लागण्यापूर्वी शुल्क वाढवले, तर त्याचा पहिला फटका गटातल्याच मोटार व पंप बनवणाऱ्यांना बसतो आणि ते जुळणीचे काम बाहेर हलवतात. मग हमीभावाने उभ्या केलेल्या कारखान्याचा ग्राहकच नाहीसा होतो. शुल्क वाढवायचेच असेल, तर त्याचे वेळापत्रक आधी जाहीर करावे आणि ते गटातील प्रत्यक्ष उत्पादनक्षमतेशी बांधावे. कच्च्या मालावर व मध्यवर्ती रसायनांवर मात्र शुल्क शून्यच ठेवावे.

अनुदानाबाबत दोन गोष्टी सांगतो. पहिली कायद्याची: स्थानिक माल वापरण्याच्या अटीवर दिलेले अनुदान जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक करारात निषिद्ध आहे. अमेरिकेच्या २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन कायद्यातील अशाच अटींवर चीनने मार्च २०२४ मध्ये दावा दाखल केला. ऑस्ट्रेलियाने आखलेली सवलत अधिक सुरक्षित वाटते: १ जुलै २०२७ पासून ३१ खनिजांच्या प्रक्रिया व शुद्धीकरण खर्चाच्या १० टक्के इतका कर परतावा, आणि तोही प्रत्यक्ष उत्पादन झाल्यावरच. इमारत उभी करण्यासाठी दिलेला पैसा इमारतीतच संपतो. उत्पादनाशी बांधलेला पैसा चालवायला शिकण्याच्या काळात हाती पडतो. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीला सुरुवातीला भांडवलाची वानवा नव्हती, पण उत्पादन ठरलेल्या प्रमाणात निघेना आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

दुसरी गोष्ट गटातल्या न्यायाची. अनुदान प्रत्येक देशाने आपापल्या तिजोरीतून द्यायचे ठरवले, तर श्रीमंत सदस्याकडे सगळे प्रकल्प ओढले जातात. युरोपीय संघात २०२२ च्या संकटकालीन चौकटीखाली मंजूर झालेल्या मदतीपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक एकट्या जर्मनी व फ्रान्स यांची होती. संघाच्या मे २०२४ पासून लागू झालेल्या कच्च्या मालाच्या कायद्यात २०३० साठी चांगली लक्ष्ये आहेत: वार्षिक गरजेच्या १० टक्के उत्खनन, ४० टक्के प्रक्रिया, २५ टक्के पुनर्चक्रण आणि कोणत्याही एका बाहेरच्या देशावर ६५ टक्क्यांहून अधिक अवलंबन नको. सामरिक म्हणून निवडलेल्या खाणींना २७ महिन्यांत आणि प्रक्रिया प्रकल्पांना १५ महिन्यांत परवाने देण्याची मुदतही मला मोलाची वाटते. उणीव एवढीच की या लक्ष्यांमागे तेवढ्या ताकदीचा समाईक निधी नाही. आपल्या गटाने ही उणीव जशीच्या तशी उचलू नये.

सदस्यांनी एकमेकांवरच निर्यात निर्बंध घालू नयेत, हे कलम सर्वांना गृहीत वाटते आणि म्हणून सैल लिहिले जाते. मार्च २०२० मध्ये जर्मनी व फ्रान्स यांनी मास्क व संरक्षक साहित्य रोखून धरले, तेही एकाच अंतर्गत बाजारपेठेत राहून. जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड व फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड या चिप उद्योगाच्या तीन साहित्यांवर परवाने कडक केले, आणि हे दोन्ही देश अमेरिकेच्या एकाच सुरक्षा छत्राखालचे होते. अमेरिकेच्या पुढाकाराने बनलेल्या इंडो-पॅसिफिक आर्थिक चौकटीचा पुरवठा साखळी करार फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झाला; त्यात संकटसमयी माहिती व समन्वयाची यंत्रणा आहे, पण बाजारपेठ खुली करण्याचे बंधन नाही. माहितीची देवाणघेवाण उपयोगी असते, तरी टंचाईत माल कोणत्या प्रमाणात वाटायचा याचे सूत्र टंचाई नसतानाच लिहून ठेवावे, आणि आधीचे तीन वर्षांचे प्रत्यक्ष खरेदी-प्रमाण हा त्याचा पाया असावा, असे मी सुचवीन.

साठ्याविषयी एकच सावधगिरी. तेलाच्या साठ्याची कल्पना खनिजांना सरसकट लावता येत नाही. गटात विलगीकरणाचा कारखाना नसेल तर कच्च्या खनिजाचा ढीग संकटात काहीच कामाचा नाही, आणि लिथियम हायड्रॉक्साइड हवेतली आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड शोषून खराब होते. ऑक्साइड किंवा धातूच्या रूपात, वापरणाऱ्या कारखान्यांच्याच गोदामांत, सतत जुना माल वापरून नवा भरत राहील असा साठा करावा आणि त्याचा व्याजखर्च समाईक निधीतून द्यावा.

कारखाना कोणत्या देशात उभा राहील, हा निर्णय खनिजापेक्षा कचऱ्यावर आणि लोकांच्या संमतीवर अधिक अवलंबून असतो. मलेशियात लायनासला किरणोत्सारी अवशेषांवरून वर्षानुवर्षे विरोध सहन करावा लागला, परवान्याच्या अटी बदलत गेल्या आणि खनिज फोडण्याचा टप्पा कंपनीने ऑस्ट्रेलियातील कालगूर्ली येथे उभारला. ज्या देशात कचरा राहणार, त्याला भावफरक निधीतून वेगळा वाटा आणि नियमनाचा पूर्ण अधिकार मिळाला पाहिजे. ही बाब वाटाघाटीच्या शेवटी भरपाई म्हणून देऊ करणे अन्यायाचे आहे आणि त्याने प्रकल्प रखडतात.

आणि माणसे. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या विलगीकरणाचे तंत्रज्ञान बाहेर देण्यावर चीनची बंदी आधीपासूनच होती, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याने चुंबक बनवण्याच्या तंत्रज्ञानावरही ती घातली, त्यामुळे तयार कारखाना तज्ज्ञांसह विकत आणण्याचा मार्ग बव्हंशी बंद झाला आहे. गटाने हमीभावाचा करार होण्याची वाट न पाहता आजच एक प्रायोगिक विलगीकरण संच जुन्या रसायन उद्योगाच्या देशात उभारावा, तिन्ही इतर देशांतील अभियंत्यांना तेथे पाळ्यांवर नेमावे आणि दोन्ही खाणींचे प्रत्यक्ष नमुने त्यातून चालवून पाहावेत. भावफरकाची किमान पातळी किती ठेवायची, हा निधीच्या आकाराचा मूळ आकडाही त्या संचातल्या खर्चाच्या नोंदींवरूनच काढता येईल.